चालू राहिला तर उजवा

१

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर "बाईमाणसाला कुठं जमतंय असलं" म्हणून नाक मुरडणारे पायलीला पन्नास भेटले. लग्नाआधी मी भोरला एका दुकानात लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. कुठला स्क्रू कुठं जातो हे मला डोळे मिटून सांगता येतं.

आमचं घर हिर्डोशीत, वरंधा घाटाच्या रस्त्यापासून जरा आत. घरात मी, सासरे कुंडलिकमामा आणि सासूबाई, म्हणजे अंबूआत्या. आणि माझा नवरा हनुमंत. त्याला घरातला धरायचा की नाही, यावर गावात चर्चा चालायची. गेल्या आषाढात तो रेनकोट घालून मोटारसायकलवर महाडला निघाला आणि घाटात दरड कोसळली. मोटारसायकल सापडली. तो सापडला नाही.

भाऊबंद म्हणाले, दर्भाचा पुतळा करा आणि क्रिया उरकून घ्या. मी म्हणाले, जित्या माणसाची क्रिया करायला निघालात, लाज वाटत नाही का? पण पितृपक्ष आला तेव्हा आत्या चुलीपुढं नुसत्या बसून राहिल्या. लेकाचं पान पितरांत मांडलं तर तो मेला म्हणायचा. नाही मांडलं आणि तो खरंच गेला असला, तर उपाशी राहायचा. त्या दिवसापासून त्यांचं स्वतःचं जेवण सुटलं. चहात भाकरी बुडवून दोन घास खायच्या, बस.

मामांचा उपाय ठरलेला होता, देवीला कौल लावायचा. देवीच्या दगडाच्या दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचा दाणा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. आमच्या घरात म्हैस विकण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत सगळं या दाण्यांवर चालतं.

"माझं कुंकू तांदळाच्या दाण्यावर ठरायचं न्हाई," मी मामांना सांगितलं. "जिता हाय का मेला, हे दगडाला इचारलंत तर या घरातलं पानी पिनार न्हाई मी."

मामांनी हातातले तांदूळ परत डब्यात टाकले. मी बोलते तसं करते, हे त्यांना माहीत होतं.

भात झोडून झालं, तेव्हा पुण्याच्या एका ऑफिसनं घरबसल्या नकाशे काढायचं काम दिलं. मी सुटे भाग आणले, सोप्यात टेबल मांडलं आणि दुपारभर बसून कॉम्प्युटर उभा केला. मॉनिटर तेवढा जुना होता, चकचकीत काचेचा. आत्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर उजेड आला, आणि सगळं बंद पडलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"नवी वस्तू आनताना इचारावं माणसानं, प्रेरणा," मामा दारातून म्हणाले.

"इचारलं न्हाई म्हणून वस्तू रुसत न्हाई मामा. कायतरी ढिलं राहिलंय."

२

ढिलं काही राहिलं नव्हतं, पण पहिल्याच तपासणीत मला हसू फुटलं. आत्यांनी कुंकू वाहिलं होतं ते बरोबर चालू-बंदच्या बटणावर. मोठं, ओलं, अगदी मनापासून. ते फटीत जाऊन बटण आतच अडकलं होतं, आणि बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतोच.

"आत्या, देवाला लावा, मला लावा. याला कशाला?"

"अगं, ते त्याचं कपाळ न्हवं व्हय?" त्या म्हणाल्या. किती दिवसांनी थट्टा केली होती त्यांनी.

मी बटण काढून पुसलं, वाळवलं. कॉम्प्युटर चालू केला. बंद पडला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. बटणाची वायरच उपसून टाकली. बोर्डावरच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टेकवल्या की कॉम्प्युटर चालू होतो, बटण लागतच नाही. चालू झाला, बंद पडला. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. पॉवर सप्लाय एकटाच चालवून बघितला, तो बिचारा तासभर फिरत राहिला. बोर्ड डब्यातून बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, म्हणजे पत्र्याला कुठं टेकायचा प्रश्नच मिटला. तरी तेच. चालू होई, चार श्वास घेई आणि बंद पडे.

खरं म्हणजे बिघडलेली वस्तू अशी वागत नाही. तिचं एक काहीतरी ठरलेलं असतं. तापली की बंद, हलवली की बंद. हा कशानंच बंद पडत नव्हता आणि तरी पडत होता.

मी टेबलाशी बसायचे ती दाराकडं पाठ करून. पडदा बंद पडला की काळ्या काचेत मागचं सगळं दिसायचं. सोपा, उघडं दार, अंगण, आणि त्यापलीकडं ओढ्याकडची पायवाट. त्या दुपारी असाच पडदा काळा झाला आणि मला पायवाटेवर कुणीतरी उभं दिसलं. डोक्यावर टोपी ओढलेली, रेनकोटची असते तशी टोकदार.

मी वळून बघितलं. पायवाट मोकळी होती. ऊन असं कडक की बांधावरचं गवत पांढरं दिसत होतं.

जुनी काच वाकडंतिकडं दाखवते, मी स्वतःला म्हणाले आणि पुन्हा पिना टेकवल्या. असल्या उन्हात रेनकोट कोण घालेल?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुठ्ठ्यावरचा पसारा घेऊन बसले होते आणि मामा खांबाला टेकून दावं वळत होते. कॉम्प्युटर चालू-बंद, चालू-बंद. मी त्याला शिव्या घालत होते. मामा स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "हनुमंता, हाईस का रं बाबा?"

कॉम्प्युटर चालू राहिला.

मी श्वास धरून बघत बसले. पंखा एका सुरात फिरत होता. चहा निवला तरी चालूच. मी आनंदानं टाळी वाजवली. वाटलं, कुठलीशी वायर नीट बसली असणार.

"महाडात हाईस का?" मामांनी विचारलं.

बंद.

मी मामांकडं बघितलं. मामा दाव्याकडं बघत होते.

"मामा, मी काय सांगितलं व्हतं?"

"देवीला कुठं इचारलं म्या? डब्याला इचारलं."

"डब्यालाबी न्हाई!"

"बरं," मामा म्हणाले. मी पिना टेकवल्या. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "पुन्यात हाईस?" बंद. मी चिडून पुन्हा टेकवल्या. "घाटात हाईस का?"

चालू राहिला. पंखा फिरत राहिला, आणि माझ्या पाठीमागं आत्यांच्या हातातली परात खाली पडली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, म्हणजे मलाही ऐकू जावं. पण आत्या आल्या, जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हात जोडून त्या पुठ्ठ्यापुढं रडायला लागल्या. "जिता हाय माझा लेक. उजवा दिलान्. चालू राहिला म्हंजी उजवाच."

दुपारी त्यांनी पाटावर बसून सगळं जेवण केलं. भात मागून घेतला. आता यांना कोणत्या तोंडानं सांगू, की असलं काही विचारू नका?

४

मग रोजच सुरू झालं. मी काम करायला बसायची खोटी, की दोघं येऊन बसायचे.

"ओढ्यापाशी हाईस का?" पहिल्या दिवशी बंद. पुढच्या दिवशी तोच प्रश्न, आणि चालू. "आंगनात आलास का?" बंद. मग कधीतरी, चालू. एकच जागा आज नाही आणि उद्या हो. तो कुठं आहे एवढंच ते सांगत नव्हतं. तो येतोय, असं सांगत होतं.

आत्या अंगण झाडून ठेवायला लागल्या. "ये रं बाबा," म्हणायच्या, "कवाबी ये. दार उघडंच हाय."

मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, त्या रागाखाली आनंदही होता. एवढे महिने सगळं गाव त्याला मेलेला म्हणत होतं आणि मी एकटी नाही म्हणत होते. आता कुणीतरी माझ्या बाजूनं बोलत होतं, मग ते पुठ्ठ्यावरचं का असेना. सकाळी कुंकू मी ठसठशीत लावायला लागले.

फक्त काचेचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पडदा बंद पडला की तो दिसायचा. आधी पायवाटेवर होता. मग अंगणात, तुळशीच्या पलीकडं. एकदा उंबऱ्याच्या बाहेर, इतका जवळ की रेनकोटच्या घड्या दिसल्या. मान खाली, टोपीत काळोख. वळलं की नाही. कॉम्प्युटर चालू झाला की पडद्याच्या उजेडात काच काही दाखवतच नाही, आणि मग तो आहे की गेला हे कळायला मार्ग नसायचा.

हनुमंतच असेल तर त्यानं हाक का मारली नसती? तो मैलभरावरून ओरडत येणारा माणूस. घरात पाऊल टाकायच्या आधी त्याचा आवाज घरात यायचा, म्हशीसुद्धा माना वर करायच्या. हा मुका उभा होता.

एके दिवशी मामांनी विचारलं, "घरात आलास का?"

चालू राहिला. बराच वेळ. आत्यांनी हातानं तोंड दाबून घेतलं. मी पडद्याकडं बघत राहिले आणि मनातल्या मनात म्हणत होते, बंद पडू नको, आता बंद पडू नको. कारण पडला असता तर मला बघावं लागलं असतं.

५

सकाळी दोघं रानात गेल्यावर मी एकटीच बसले. असल्या गोष्टीची परीक्षा घ्यायची असते. दुकानात शिकलेलं एवढं एक मी कधी विसरत नाही. जे चांगलं आहे असं वाटतं त्यालाच आधी तपासायचं.

पिना टेकवल्या. "हनुमंता, माझं माहेर भोरला का?"

चालू राहिला. बरोबर होतं.

"आपलं लग्न उन्हाळ्यात झालं ना?"

चालू. तेही बरोबर.

मी आवाज गोड केला, नवऱ्याशी बोलावं तसा. "आपली सोनिया रोज तुझी वाट बघती. पोरीची आठवण येती का रं?"

पंखा फिरत राहिला. एका सुरात. मी मनात म्हणत होते, पड बंद. मेल्या, आता तरी पड.

नाही पडला.

आम्हाला पोरगी नाही. आम्हाला मूलच नाही. सोनिया नावाचं कुणी या घरात कधी नव्हतं.

मी उठले, भिंतीतली वायर उपटली आणि तशीच रानात गेले. मामा बांधावर बसले होते. आत्या लांब, ओढ्याकडं गवत कापत होत्या, आणि बायका शेतात गुणगुणतात तशा काहीतरी गुणगुणत होत्या.

"मामा, त्यो हनुमंत न्हाई. जे आपल्याला ऐकायचंय ते बोलतंय ते." मी सगळं सांगितलं. काचेतलंही सांगितलं.

मामा माझ्याकडं बघेनात. जमिनीतलं ढेकूळ उचलून त्यांनी हातात कुस्करलं.

"मला ठावं हाय पोरी."

"काय ठावं हाय?"

"दुसऱ्याच दिशी तू चुलीकडं गेल्यावर म्या इचारलं, माझी आय खुशाल हाय का म्हणून. चालू राहिलं. आय जाऊन जमाना झाला." त्यांनी आत्यांकडं मान केली. "पर ती जेवाया लागली ना. भात मागून घेती. तुज्याच्यानं सांगवंल का तिला? माझ्याच्यानं न्हाई सांगवत."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण तो म्हातारा बांधावर रडत होता, आवाज न करता, आणि मला ओरडता आलं नाही.

"त्याला घरात घेतलंय तुमी," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याच्या नावानं."

६

घरी आले ती तावातावानंच. भीती नव्हती असं नाही, पण राग तिच्या डोक्यावर बसला होता. माझ्या माणसाचं नाव घेऊन कुणी माझ्या सोप्यात उभं राहतं म्हणजे काय? नाव काय वाटेवर पडलं होतं?

वायर लावली. खुर्ची ओढली. दार सताड उघडं होतं, बाहेर लख्ख दुपार.

ते ज्या नावानं आत आलं होतं ते नाव काढून घ्यायचं, एवढंच मला कळत होतं. आणि त्यासाठी काय बोलायचं तेही कळत होतं. जे बोलणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडले होते, तेच.

पिना टेकवल्या. "माझा नवरा मेला."

बंद.

काच काळी झाली. ते खांबाशी होतं, मामा बसतात तिथं. मी वळले नाही. पिना टेकवल्या.

"माझा नवरा मेला."

बंद. आता ते खांब आणि माझी खुर्ची यांच्यामध्ये होतं. ओल्या मातीचा वास आला, आणि सोप्यातली जमीन तर सारवून खडखडीत वाळलेली होती.

"कितीबी बंद कर," मी म्हणाले. "मला दुसरं काम न्हाई आज. माझा नवरा मेला."

बंद. चालू. बंद. माझं बोट स्क्रू-ड्रायव्हरनं सोललं. किती वेळा म्हणाले ते मला सांगता येणार नाही. पहिल्या काही वेळा मी त्याला सांगत होते. पुढं पुढं मी स्वतःला सांगत होते, कारण तोंडातून वारंवार गेल्यावर ते वाक्य खरं वाटायला लागलं, आणि खरं वाटायला लागल्यावर मी रडायला लागले. हमसून रडत होते आणि पिना टेकवत होते. हनुमंत मेला. घाटात मेला. त्या दरडीखाली, पावसात, एकटा. मेला तो.

मग काच काळी झाली तेव्हा ते माझ्या खांद्याशी वाकलं होतं. टोपीच्या आत एवढंच दिसलं की तोंड आहे, आणि ते हलतंय. मी बोलत होते तसंच, माझ्या मागोमाग, एक एक अक्षर. शाळेत पहिल्या दिवशी बसलेलं पोर ओठ हलवतं तसं.

मी डोळे मिटले नाहीत. पिना टेकवल्या आणि काचेत बघून म्हणाले, "हनुमंत मेला. तू कोन?"

कॉम्प्युटर चालू राहिला. पडदा उजळला आणि काचेतलं सगळं पुसलं गेलं. मी वाट बघत बसले. पंखा फिरत राहिला.

दारात मामा आणि आत्या उभे होते. कधी आले होते देव जाणे. आत्यांच्या हातातला विळा तसाच होता.

"उजवा लागला," मामा कसंबसं म्हणाले.

"कौलबिवल काय न्हाई, मामा. म्या सांगती. मी बायकू हाय त्याची, आन् मीच सांगनार." मी आत्यांना जवळ घेतलं. "आत्या, गेला आपला हनुमंत."

त्यांनी टाहो फोडला. एवढे महिने आत कोंडलेला तो आवाज ऐकून शेजारची ठकुबाई धावत आली. मला वाटलं होतं त्या पुन्हा जेवण सोडतील. सोडलं नाही. तेराव्याला त्यांनी माझ्या हातून घास घेतला.

७

तेव्हापासून कॉम्प्युटर एकदाही आपण होऊन बंद पडला नाही. बोर्ड डब्यात बसवला, बटण जोडलं, ऑफिसचं काम चालू आहे. नेमका काय बिघाड होता ते मला सापडलं नाही, हे कबूल करते. कपाळावरचं कुंकूही मी पुसलेलं नाही. गाव बोलतंय, बोलू दे.

परवा दुपारी मी नकाशा काढत होते आणि लाईट गेली. पडदा काळा झाला. मी मुद्दाम बघितलं, अगदी निरखून. सोपा, खांब, दार, अंगण. आत्या ओढ्यावर धुणं धूत होत्या, मामा भोरला गेले होते. काचेत कुणीही नव्हतं. मला हसू आलं. आलास तसा गेलास, म्हणाले.

आणि मागून हाक आली.

"प्रेरणा."

आवाज हनुमंतचाच होता. तोच भरदार, तोच शेवटी जरा वर चढणारा. एवढ्या महिन्यांनी तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगातलं सगळं बळ त्याच्याकडं धावलं. खुर्ची सरकली, मान अर्धी वळलीसुद्धा.

तिथंच थांबले.

"चुकलास," मी काचेकडं तोंड करून म्हणाले. "लोकांकडून शिकलास तू. घरात सगळे मला प्रेरणा म्हणतात. तो न्हाई म्हणायचा."

मागं काही हललं नाही. बराच वेळ ते थांबून होतं, मी पुढं काय बोलते ते ऐकत.

दोघंच असताना हनुमंत मला काय हाक मारायचा, ते तेवढं माझ्याजवळ उरलंय. ते मी मागं थांबलेल्याला सांगितलं नाही. आत्यांना कधी सांगितलं नव्हतं, तुम्हालाही सांगणार नाही. कारण हे सगळं मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितेय, दाराकडं पाठ करून, आणि लिहिताना माझे ओठ हलतात.